भुशाच्या शेगडीपासून पिझ्झाच्या भट्टीपर्यंत : पेलेट घ्यावे की गॅस?

आमच्या लहानपणी कल्याणच्या चाळीत भुशाची शेगडी होती. तरुण वाचकांना ती ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. पत्र्याचा गोल डबा, त्याला खाली बाजूला एक भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडा आत सारून बाटलीला टेकवायचा आणि भोवती वखारीतला भुसा हाताने ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडा हलकेच काढून घेतले की आत भुयार तयार होई. खालून काकडा पेटवून सारला की शेगडी दोन-तीन तास जळत राही. भुसा नीट ठासला नसेल तर मध्येच ढासळे आणि चाळभर धूर होई. वखारीतून पोते आणण्याचे काम माझ्याकडे आणि ठासण्याचे, पेटवण्याचे, फुंकण्याचे काम माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिला आम्ही आक्का म्हणतो. पुढे स्टोव्ह आला, मग गॅस आला आणि शेगडी माळ्यावर गेली.

ती शेगडी पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे आक्काची मुलगी. माझ्या या भाचीने केटरिंगचा कोर्स केला, दोन वर्षे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबली आणि मग स्वतःची पिझ्झाची गाडी लावायची असे ठरवले. वस्तीतल्या महिला बचत गटाने तिला ४०,००० रुपये कर्ज दिले. गटाचा हिशेब गेली काही वर्षे मीच लिहितो, त्यामुळे हे पैसे कोणाच्या धुण्याभांड्यातून आणि कोणाच्या शिलाईतून जमले ते मला नावानिशी ठाऊक आहे. भाचीने त्यातून एक जुनी, पण चांगल्या स्थितीतली हलवता येणारी पिझ्झा-भट्टी घेतली. ही भट्टी दोन्ही इंधनांवर चालते. मागच्या बाजूला पेलेटची टोपली बसवली तर लाकडावर, ती काढून गॅसचा बर्नर बसवला तर गॅसवर. टोपली भट्टीबरोबर मिळाली होती. बर्नर वेगळा विकत घ्यावा लागणार होता, शिवाय सिलिंडरची अनामत भरावी लागणार होती. हातात उरलेल्या पैशांत हा खर्च करावा की नाही, एवढाच प्रश्न होता.

“मामा, तुम्ही बी.कॉम. आहात, तुम्हीच सांगा,” असे म्हणून तिने तो माझ्यावर सोपवला. मी सांगितले ते चुकले. कसे चुकले ते इतरांच्या कामी यावे म्हणून हा लेख.

आधी या भट्टीविषयी. मोठ्या ट्रंकेएवढी पोलादी पेटी, तिला चार पाय, समोर तोंड, आत तळाला एक फरशी. ही फरशी कॉर्डिएराइट नावाच्या दगडासारख्या पदार्थाची असते, कारण साधी फरशी एवढ्या उष्णतेत तडकते. ज्वाळा मागून निघून छताला लागून पुढे येते. वीस-पंचवीस मिनिटांत आतले तापमान ४०० अंश सेल्सियसच्या वर जाते. घरातली विजेची छोटी भट्टी साधारण २५० अंशांवर थांबते, त्यामुळे तिच्यात केलेला पिझ्झा भाजण्याऐवजी वाळतो. इटलीत नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून होतो. त्यासाठी पूर्वी विटांची मोठी भट्टीच बांधावी लागे. ती उचलून नेता येईल अशी करण्याची कल्पना क्रिस्टियन तापानिनाहो या फिनलंडच्या गृहस्थाने २०१२ साली ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात आणली. त्याची पहिली भट्टी उनी या नावाने निघाली आणि ती पेलेटवरच चालत असे. गॅसवरच्या भट्ट्या त्याच कंपनीने नंतर काढल्या. आता अशा भट्ट्या अनेक कंपन्या करतात आणि आपल्याकडेही मिळतात.

आता पेलेट म्हणजे काय? लाकडाचा भुसा वाळवून, साच्यातून प्रचंड दाबाने काढलेल्या बोटाहून बारीक कांड्या. जाडी साधारण ६ ते ८ मिलिमीटर, लांबी पेराएवढी. दाबताना जी उष्णता होते तिने लाकडातला लिग्निन नावाचा चिकट घटक मऊ होतो आणि तोच भुशाला बांधून धरतो. चांगल्या पेलेटला वेगळा गोंद लागत नाही. ओलावा दहा टक्क्यांच्या आत असतो, म्हणून त्या साध्या लाकडापेक्षा तेज जळतात. आक्काने पहिल्यांदा मूठभर कांड्या हातात घेतल्या, एक पाण्याच्या पेल्यात टाकली. पाच मिनिटांत ती फुगून विरघळली आणि पेल्यात भुसा तरंगू लागला. आक्का म्हणाली, “अरे, हा तर आपलाच भुसा. तेव्हा मी ठासत होते, आता मशीन ठासतंय.”

मी कागदावर हिशेब मांडला तो असा. एक किलो एलपीजी गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता असते. एक किलो पेलेटमध्ये ४,००० ते ४,५००. म्हणजे एक किलो गॅसचे काम अडीच किलो पेलेट करतील. दर रोज बदलतात, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी समजा की धंद्याचा गॅस किलोला १०० रुपये पडतो आणि पेलेट ३० रुपयांना. अडीच किलो पेलेटचे झाले ७५ रुपये. किलोमागे २५ रुपये वाचले, शिवाय बर्नरचा आणि अनामतीचा खर्च टळला. मी भाचीला सांगितले, “पेलेटच घे.” कारकुनाला आकडे जुळले की पुढचे काही दिसत नाही, हा आमचा जुना रोग आहे.

एका दलालाकडून स्वस्तात ५० किलोचे पोते आणले. चाळीमागच्या मोकळ्या जागेत लोखंडी टेबलावर भट्टी मांडली आणि पेटवली. पहिल्याच दहा मिनिटांत काळपट धूर आणि पॉलिशसारखा वास. शेजारच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. दोन पिझ्झे भाजले, दोन्हींना तो वास. कोणी एक घासही पुढे खाल्ला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की ते पोते कारखान्याच्या बॉयलरसाठीचे होते. बॉयलरसाठी पेलेट करताना शेंगांची टरफले, सोयाबीनचा भुसकट, उसाचे चिपाड असा शेतातला कचरा वापरतात, आणि ते योग्यही आहे, कारण तो कचरा नाहीतर शेतातच जळतो. परंतु त्यात कधी फर्निचरच्या कारखान्यातला भुसाही येतो. प्लायवूडच्या भुशात गोंद असतो, रंग असतो, पॉलिश असते. बॉयलरच्या आत अन्न नसते, त्यामुळे तिथे ते चालून जाते. आपल्या भट्टीत मात्र ज्वाळा थेट खाण्याच्या वस्तूवरून जाते. पिझ्झा, तंदूर, कबाब यांपैकी कशासाठीही पेलेट घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो दराचा नव्हे. भुसा कशाचा, हे विचारावे. शुद्ध लाकडाचे, रंग-गोंद नसलेले, अन्न भाजण्यासाठी म्हणून विकलेले पेलेटच घ्यावेत. ते लहान पिशव्यांत मिळतात. आम्हाला ते पोत्यातल्या मालाच्या दुप्पट दराने मिळाले. माझ्या हिशेबाचा पाया तिथेच खचला.

तरीही मी हट्ट सोडला नाही. चांगले पेलेट आणले, भंगारवाल्याकडचा वजनकाटा मागून घेतला आणि गाडी लागली आहे असे समजून संध्याकाळी पाच तास भट्टी चालवली. या वेळी पेटताना थोडा धूर झाला, पुढे ज्वाळा स्वच्छ होती आणि पिझ्झाही झकास झाला. पण काटा काय म्हणाला? पाच तासांत साडेसहा किलो पेलेट गेले. दोन दिवसांनी दुकानदाराने विश्वासावर बर्नर बघायला दिला. त्याच जागी, तेवढाच वेळ, तेवढेच पिझ्झे. सिलिंडर आधी तोलला, नंतर तोलला. गॅस गेला पावणेदोन किलो. अडीच पटीचा माझा कागदी हिशेब प्रत्यक्षात पावणेचार पटीच्या जवळ गेला होता.

असे का व्हावे? ते भट्टीजवळ उभे राहिल्यावरच कळते. गिऱ्हाईक एका मापाने येत नाही. सात ते नऊ झुंबड, त्याच्या आधी आणि नंतर तुरळक. गॅसची कळ मधल्या वेळात बारीक करता येते. पेलेट एकदा टोपलीत पडले की गिऱ्हाईक असो वा नसो, ते जळणारच. नवे टाकायचे थांबवले तर ज्वाळा पडते, फरशी निवते आणि नेमके तेव्हाच चार जण येऊन उभे राहतात. एकदम जास्त टाकले तर हवा कोंडून धूर होतो. त्यात धुराड्यातून बरीच उष्णता वर निघून जाते. म्हणजे माझ्या सोयीच्या दरानेच पाहिले, तर एका संध्याकाळचा गॅस १७५ रुपयांचा आणि स्वच्छ पेलेट ३९० रुपयांचे. ते वासाचे स्वस्त पेलेट वापरले असते तरी १९५ झाले असते. वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून पाहावे. पेलेटचा किलोचा दर गॅसच्या किलोच्या दराच्या पाव हिश्शाच्या वर असेल, तर निदान गाडीच्या धंद्यात पेलेट स्वस्त पडत नाहीत, असे आमच्या काट्यावरून दिसते.

पैशांपलीकडची गोष्ट भाचीने दाखवली. नेपल्सचा पिझ्झा पातळ असतो, वर टोमॅटो, थोडे चीज, संपले. आपल्याकडच्या गिऱ्हाईकाला पाव जाड हवा आणि त्यावर कांदा, ढोबळी मिरची, मका, पनीर, वर चीजचा थर. असा पिझ्झा ४५० अंशांत घातला तर वरचे चीज करपते आणि आतला मैदा कच्चा राहतो. त्याला ३०० ते ३५० अंशांत तीन-चार मिनिटे हवीत. गॅसवर ती कळ फिरवून ज्वाळा खाली आणते, पिझ्झा आत घालते, शेवटच्या क्षणी पुन्हा मोठी करते. पेलेटवर तिला ते जमेना. एक हात टोपलीकडे, एक हात पिझ्झा फिरवायला, आणि पैसे घ्यायला तिसरा हात कुठून आणणार? तो तिसरा हात आक्काचा असणार होता. पेलेट टाकायला, राख काढायला, ज्वाळा बघायला आक्का भट्टीच्या मागे उभी राहणार, असे मायलेकींनी आधीच ठरवून टाकले होते.

आक्काला चार वर्षांपासून दम लागतो. जिना चढताना मध्ये थांबते. तिने उभ्या जन्मात विडी-सिगारेट ओढली नाही. डॉक्टरांनी फुफ्फुसाची तपासणी करून सीओपीडी सांगितला तेव्हा पहिला प्रश्न विचारला होता, “स्वयंपाक कशावर करायचात?” चुलीचा, शेगडीचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की न ओढणाऱ्या बाईलाही हा आजार होतो, ही आता वैद्यकशास्त्रात मान्य झालेली गोष्ट आहे. हे सारे मला माहीत होते. तिला दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो. आणि तरीही माझ्या हिशेबाच्या कागदावर तिचा रकाना नव्हता. त्या पहिल्या संध्याकाळी धुरात ती खोकत बाजूला जाऊन बसली आणि म्हणाली, “काही नाही रे, सवय आहे मला.” त्या वाक्यानंतर मी पेलेटची बाजू कशाच्या जोरावर मांडणार होतो?

“पण लाकडाची चव?” असे एका मित्राने विचारले. चव लाकडापेक्षा जास्त आचेची असते. दीड-दोन मिनिटांत धूर पिझ्झात मुरत नाही. कडेला जे काळे ठिपके येतात ते प्रखर आचेमुळे, आणि ती आच गॅसही देतो. तासन् तास धुरावर ठेवलेल्या मांसाची गोष्ट निराळी. आम्ही शेजारच्या मुलांना दोन्ही पिझ्झे न सांगता खायला दिले. त्यांनी दोन्ही संपवले आणि तिसरा मागितला. नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांची १९८४ साली स्थापन झालेली संस्था लाकडाच्या भट्टीबद्दल फार कडक समजली जाते. तिनेही पुढे काही गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली आहे.

आपल्या भागातला वाराही त्याच दिशेने वाहतो आहे. मुंबईत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅसवर किंवा अन्य स्वच्छ इंधनावर यावे आणि नव्यांना लाकूड-कोळशाची परवानगी देऊ नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. पाव भाजणाऱ्या जुन्या भट्टीवाल्यांना तो जड गेला, त्यांची अडचण खरी आहे. पण कर्ज काढून आज नवी गाडी लावणाऱ्याने धूर निघणारी भट्टी मांडणे म्हणजे उद्याची नोटीस आजच मागून घेणे आहे.

गॅस घ्यायचे ठरल्यावर एक मोह होतो, तो सांगितलाच पाहिजे. घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर गाडीवर नेणे. तो स्वस्त पडतो, पुष्कळ जण नेतात. पण तो घरगुती वापरासाठी आहे, धंद्यात वापरणे बेकायदा आहे आणि पकडले तर सिलिंडर जप्त होतो. धंद्यासाठी १९ किलोचा निळा सिलिंडर मिळतो. जागेचा पुरावा नसलेल्यांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर आहे. तो गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळतो. फक्त छोट्या सिलिंडरवर मोठी ज्वाळा फार वेळ ओढली तर तो गार पडतो, बाहेरून दव धरते आणि दाब उतरतो. आतला द्रव वायू होताना उष्णता घेतो, त्याचा तो परिणाम. गर्दीच्या वेळी हा नखरा परवडत नाही.

बाहेरदेशी बनलेल्या भट्टीबरोबरचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरला बसत नाही. जुगाड करून बसवू नये. त्या बर्नरचे छिद्रही बहुधा निव्वळ प्रोपेनसाठी असते आणि आपला एलपीजी हा ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असतो. ज्वाळा निळी न येता पिवळी, काजळी धरणारी आली तर जाणकार मेकॅनिककडून बर्नर तपासून घ्यावा. नळी आयएसआय खुणेचीच घ्यावी आणि पाच वर्षांच्या आत बदलावी. गाडीवर ऊन लागते, तेव्हा त्याआधीच बदललेली बरी. जोडणी झाली की साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का बघावे, काडी लावून कधीही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत गटाराकडे, टेबलाखाली साचतो. म्हणून सिलिंडर उभा, मोकळ्या जागी, ज्वाळेपासून दूर. सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि सालाचे आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नये, परत पाठवावा. आणि इंधन कोणतेही असो, ही भट्टी बंद गाळ्यात किंवा चारी बाजूंनी ताडपत्री ओढून पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपल्यासारखा पडतो.

पेलेटवर मी सरसकट फुली मारत नाही. शेतावर किंवा अंगणात महिन्यातून एकदा घरच्यांसाठी पिझ्झा करायचा असेल, वारा वाहता असेल, जवळ दमेकरी नसेल, तर पेलेटची टोपली पुरेशी आहे आणि तिची मजा और आहे. सिलिंडर वाहून नेण्याची कटकट नाही, गळतीची धास्ती नाही. आपल्या देशाला लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी परदेशातून येतो, भुसा मात्र आपल्याच वखारीतला असतो, हेही खरे. पावसाळ्यात मात्र ती पिशवी हवाबंद डब्यात ठेवावी. ओल लागली की पेलेटचा पुन्हा भुसा होतो, हे आक्काच्या पेल्यात दिसलेच आहे.

आम्ही शेवटी बर्नर घेतला. पैसे कमी पडले तेव्हा मी गटाच्या बैठकीत उभे राहून माझी चूक सांगितली आणि भाचीचे पहिले दोन हप्ते पुढे ढकलण्याची विनंती केली. एका ताईंनी विचारले, “भाऊ, आधीच का नाही तोललं?” याला उत्तर नव्हते. हप्ते पुढे ढकलले गेले. गाडी आता संध्याकाळी सहा ते अकरा लागते. आक्का पुढच्या बाजूला खुर्ची टाकून बसते आणि गल्ला सांभाळते. भट्टीमागे कोणी नसते.

उरलेले स्वच्छ पेलेट एका ओळखीच्यांनी शेतावर नेले. बॉयलरच्या पोत्यातले चाळीसेक किलो अजून माझ्या जिन्याखाली पडून आहेत. दलाल परत घ्यायला तयार नाही. धंद्याच्या सिलिंडरचा दर बहुतेक दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. तो वहीत टाकायचा, सिलिंडर किती दिवस पुरला ते शेजारी लिहायचे आणि फरक आला तर सांगायचे, एवढे काम भाचीने माझ्याकडे ठेवले आहे. मागच्या वेळी सिलिंडर अकरा दिवस पुरला.